मानाचं नेट

"कुंदाताई, तुमचं तोंड उघडंच राहिलंय."

लातूरच्या बाईंचा आवाज आला तेव्हा मी हातात कात्री घेऊन ब्लाउजची बाही समजावत होते. माझ्या बाजूनं सगळं झकास चाललं होतं. मी बोलत होते, कात्री चालत होती, मागे कोंबडीही चालत होती. पण त्या बायांच्या पडद्यावर मी म्हणे आ वासून, एक डोळा मिटून, कात्री उगारून थिजले होते. कुणाचा तरी गळा कापायला निघाल्यासारखी.

"आत्ता दिसतेय का?"

"नाही हो. अजून तोंड उघडंच."

चित्र हललं तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. बाहीचं असं असतं, पुढची बाजू मागच्यापेक्षा जरा खोल कापायची. एक बाही झाली की कापड उलटं करायचं, मग दुसरी. उलटं केलं नाही तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. मी "आता कापड उलटं करा" म्हणाले, आणि नेमकं तेवढंच वाक्य आमच्या डोंगरात अडकून पडलं.

'मोगरा' नावाची एक विद्यार्थिनी होती. कॅमेरा कायम बंद, आवाज बंद, नुसतं लिहून विचारायची. तिनं लिहिलं, "ताई, माझ्या दोन्ही बाह्या डाव्या झाल्या. सणाचं कापड होतं."

मी नववी नापास बाई. शिवण शिकले तीच मोबाइलवर बघून, थांबवून थांबवून, उसवून उसवून. आणि आता दुसऱ्यांना शिकवताना मीच थांबत होते, कुणी न थांबवता.

त्या दिवशी वर्गात कोल्हापूरच्या देशिंगकर मॅडमही बसल्या होत्या. त्यांची बायकांची संस्था होती. गावोगावच्या चाळीस बायकांना घरबसल्या शिवण शिकवायला त्यांना कुणीतरी हवं होतं, आणि माझं नाव कुणीतरी सुचवलं होतं. वर्ग संपल्यावर त्या थांबल्या.

"शिकवता छान हो तुम्ही. पण अर्धा वेळ तुमचा फोटोच बघतेय मी. शुक्रवारी अकराला आमच्या सगळ्या बायका बसवते. तेव्हाही असंच झालं तर मला दुसरं कुणी बघावं लागेल. राग मानू नका."

राग मानायला त्यांचा काय दोष? दोष कुणाचा ते मला पक्कं ठाऊक होतं. मी पदर खोचला आणि नंदू गावकराकडे निघाले.

आमचं गाव म्हणजे तीन बाजूंना डोंगर आणि चौथ्या बाजूला खाडी. मोबाइलची रेंज फक्त वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर, एका काजूखाली. तिथं जाऊन वर्ग घ्यायचाही प्रयत्न मी करून बघितला होता. वाऱ्यानं कागदाचा नमुना उडवला आणि बकरीनं पाठीचा भाग खाल्ला. तेव्हा नेट म्हणजे नंदूची वायर, दुसरा देव नाही. सहाणेशेजारच्या पत्र्याच्या खोलीत त्याचं 'गावकर केबल' होतं. सहाण म्हणजे शिमग्यात आमच्या नवलाईची पालखी जिथं मांडतात तो चौथरा.

"ये वैनी, बस. पालखीची तयारी झाली का?"

"पालखीचं राहू दे. माझं नेट का अडकतंय ते सांग."

"अडकत नाय. हळू जातंय."

"नंदू, बैलगाडी हळू जाते. माझं तोंड उघडं राहतंय."

तो हसला. माणूस वाईट नव्हता. पंचक्रोशीत कुणाची वायर उंदरानं कुरतडली तरी रात्री-अपरात्री शिडी घेऊन धावायचा. पण त्याचे वडील तात्या गावकर म्हणजे गावचे पहिले मानकरी. त्यांच्यापुढे नंदूची जीभ टाळ्याला चिकटायची.

"बग वैनी, तालुक्यावरून येणारी लाइन एकच. ती सगळ्या गावाला वाटायची. तात्या म्हनाले, वाटायचंय तर मानाप्रमानं वाट. पयला मान गावकरांचा, मग खोतांचा, मग गुरव, मग सुतार, अशी करत शेवटाला तुमची खारवाडी. पालखी पन तशीच जाते ना?"

मी बघतच राहिले. सगळ्या जगात नेट पैशानं वाटतात म्हणे, कुठं वशिल्यानं वाटतात. आमच्या गावात ते मानपानानं वाटलं जात होतं. नारळ-सुपारी तेवढी बाकी होती.

"आन् वायरीतून काय जातंय, त्यावर पन हाय थोडं," नंदू मान खाली घालून म्हणाला. "भजनाला पयली वाट. मग क्रिकेट. मग आपलं 'गावकर लाइव्ह', म्हंजे मुंबैकरांना पालखी दिसायला होवी. बाकीचं मागनं."

"आणि शिवण?"

"शिवन तात्यांच्या यादीत नाय."

"नंदू, तुझ्या बापाच्या विहिरीवरून गावाला पाणी सुटतं. सोडताना विचारता का, की बाई डाळ शिजवणार की पोराचं ढुंगण धुणार? डाळीला जोरात सोडता आणि ढुंगणाला थेंब थेंब?"

नंदूनं दाराकडे पाहिलं. तात्या सहाणेवर बसून माणसांना पताकांच्या सूचना देत होते.

"वैनी, हळू बोल. मला पटतंय. पन मी बदललं आन् तात्यांच्या बातम्या अडकल्या, तर ते मला घरातून भाईर काढतील. तूच बोल त्यांच्याशी."

बोलले. तात्यांनी पान लावता लावता ऐकून घेतलं.

"तुझ्या सासऱ्यानं कधी विचारलं न्हवतं, पालखी आमच्याकडं शेवटी का येते म्हनून."

"तात्या, पालखी शेवटी येते, पण आल्यावर अडकत नाही. डोकं आत आणि पाय बाहेर असं होत नाही तिचं."

"जीभ फार चालते गो तुझी."

"जीभ चालते तात्या. नेट चालत नाही."

ते थुंकायला उठले. ही त्यांची पद्धत. ते थुंकायला उठले की बैठक संपली.

घरी येऊन मी सगळं यांना सांगितलं. आमचे हे म्हणजे प्रभाकर भाटकर. खाडीत कालवं, म्हणजे शिंपले, काढणारा माणूस आणि बोलण्याच्या बाबतीत कालवासारखाच, सुरी घातल्याशिवाय उघडायचा नाही. त्यांनी आमटी भुरकली आणि एवढंच म्हणाले, "गुरुवारी पालखी आपल्याकडं हाय. नारळ आनून ठेवलाय."

मला इतका संताप आला. माझा वर्ग बुडतोय आणि या गृहस्थाला नारळाचं पडलंय!

गुरुवारी दुपारी ढोल ऐकू आले. पालखी सगळं गाव फिरून, नाचून, घामाघूम होऊन शेवटी खारवाडीत आली आणि आमच्या ओटीवर टेकली. चार खांदे होते. पुढं नंदू गावकर आणि मधू खोत, मागं रघू सुतार आणि आमचे हे. कुठल्या खांद्याला कुणी, हेही मानानंच ठरलेलं. अंगणात अख्खं गाव, सणाला आलेले मुंबईकर धरून. तात्या मधोमध, डोक्यावर फेटा.

मी ओटी भरली. देवीच्या चांदीच्या मुखवट्याकडे पाहिलं. बाई, तू पण बाईच ना, म्हटलं, बघ काहीतरी.

मग गाऱ्हाण्याची वेळ झाली. आमच्याकडे यजमानानं आपलं मागणं गुरवाच्या कानात सांगायचं, गुरवानं ते देवीपुढं मोठ्यानं घालायचं, आणि दर वाक्याला गावानं "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरायचा. पोरगा पास होऊ दे, व्हय म्हाराजा. म्हस गाभण राहू दे, व्हय म्हाराजा. दत्ताराम गुरव माझ्याकडे कान करून उभा राहिला.

"सांग गो. काय घालू?"

"माझं अपलोड सुरळीत होऊ दे."

"ते काय असतं?"

"वर जाणारं."

"वर? देवाकडं?"

"नाही, कोल्हापूरला."

गुरवानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मला वारं आलंय. मग मी त्याला त्याच्या भाषेत समजावलं. माणूस हुशार. मान डोलावली, हात जोडले आणि खड्या आवाजात सुरू केलं,

"हे आई नवलाई, गावच्या मायमाउली! आज ही भाटकरांची सून तुझ्या पायाशी उभी हाय..."

"व्हय म्हाराजा!"

"तिची शिवनाची शाळा हाय, ती तुझ्याच लेकीबाळींचं अंग झाकते हाय..."

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या घरातनं जे भाईर जातंय, त्याच्या वाटंत कोन आडवा पडला आसंल, त्याला उचलून बाजूला ठेव..."

"व्हय म्हाराजा!"

"आन् जशी तू गावकराच्या ओटीवर बसतेस तशीच भाटकराच्या ओटीवर बसतेस, कमी नाय जास्ती नाय, तशीच ती नेटची लाइन हर घरात सारकीच बसू दे, भजनाला तशी शिवनाला..."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज तात्यांचा होता. पन्नास वर्षांची सवय. तोंडानं होकार भरून झाला आणि मग कानांनी ते वाक्य मेंदूपर्यंत नेलं. त्यांच्या मेंदूची लाइन पण शेवटच्या मानाची असावी.

"ए दत्त्या! हे कसलं गाऱ्हानं?"

"यजमानीननं घातलं ते मी बोललो. तुमीच व्हय म्हनालात."

"मी... ते आपलं सगळे म्हनतात म्हनून! बस झालं. उचला रे पालखी!"

ढोल वाजले. चौघांनी दांड्याला खांदे लावले. "हो... हय्या!"

पालखी हलली नाही.

"अरे, काय झालं? पुन्ना!"

पुन्हा खांदे लागले. नंदूच्या मानेच्या शिरा फुगल्या. मधू खोत लालबुंद. रघू सुतार तर असा कण्हला की त्याची बायको पुढं आली. आमच्या ह्यांचा चेहरा मी पंचवीस वर्षांत इतका पिळवटलेला पाहिला नव्हता. पालखी ओटीला चिकटून बसली होती.

"जड झाली!" कुणीतरी पुटपुटलं. अंगणभर ते शब्द पसरले. "आई जड झाली."

आमच्याकडे हे होतं म्हणतात. देवी रुसली की पालखी उचलत नाही. मी लहानपणापासून ऐकलं होतं, पाहिलं कधी नव्हतं. नेटसाठी देवीला मध्ये घातलं, आता हिनं माझ्याच घरात ठाण मांडलं तर? वर्ग गेला खड्ड्यात, रोजचा नैवेद्य कोण करणार?

"नारळ द्या," तात्या म्हणाले. आवाज जरा खाली आला होता.

नारळ दिला. उचलली. नाही.

"माझ्याकडनं पन द्या," तात्याच पुन्हा म्हणाले. दुसरा नारळ. नाही.

मुंबईकरांनी मोबाइल वर धरले. गुरव तात्यांकडे वळला.

"तात्यानू, गाऱ्हान्यात व्हय म्हनालात. मग मनात मोडता घातलात काय?"

अख्खं गाव तात्यांकडे बघायला लागलं. तात्यांनी फेटा काढला, पुन्हा घातला. थुंकायला उठायची सोय नव्हती, ते उभेच होते.

"नंद्या," ते शेवटी खेकसले, "काय तो खटका असंल तो फिरव."

"कुठला खटका, तात्या?" नंदूनं दांड्याखालूनच विचारलं. घामानं डोळे मिटलेले.

"अरे तोच, नेटचा!"

"तो कसा फिरवू?"

"सगळ्यांना सारकं कर!"

"म्हंजे खारवाडीला पन? आन् यादी? पयलं भजन, मग क्रिकेट..."

"यादी फाडून टाक! कोन काय बगतो, कोन काय शिवतो, आपल्याला काय करायचंय? सारकं कर म्हनतो ना! नवलाईच्या साक्षीनं सांगतो!"

"व्हय म्हाराजा!" अंगण कडाडलं.

"हो... हय्या!"

आणि पालखी फुलासारखी उचलली गेली. इतकी हलकी, की रघूचा तोल गेला.

शुक्रवारी सकाळी नंदू शिडी घेऊन डोंगरावरच्या पेटीशी दिसला. अकरा वाजता मी कात्री घेऊन बसले. चाळीस बायका, त्यात माझ्याही जुन्या काही, मध्ये देशिंगकर मॅडम, कोपऱ्यात नेहमीची काळी चौकट, 'मोगरा'. पहिली बाही झाली. मी श्वास घेतला.

"आता कापड उलटं करा."

आणि चाळीस घरांत चाळीस कापडं उलटी झाली. मला ती उलटताना दिसली. मी मुद्दाम एकदा तोंड उघडलं, मिटलं. विचारलं, "मिटलं का?"

"मिटलं हो ताई!" लातूरच्या बाई हसल्या.

शेवटी मोगऱ्यानं लिहिलं, "ताई, ही बाही उजवी झाली." मला उगाच रडू आलं. मॅडमना वाटलं डोळ्यात दोरा गेला.

मला काम मिळालं. 'गावकर लाइव्ह' मात्र त्या शिमग्यात शेवटचे दोन दिवस थोडं धापा टाकत चाललं, आणि गावी न आलेल्या मुंबईकरांनी फोन करून तात्यांना नाही नाही ते ऐकवलं. तात्या म्हणाले, "देवीशी बोला."

त्या शुक्रवारी दुपारी यांना जेवायला वाढताना मी म्हटलं, "बघितलंत? आईच पावली."

हे भात कालवत राहिले. मग म्हणाले, "खांदा नुसता टेकवला व्हता मी. उचललीच नाय."

माझ्या हातातली पळी खाली पडली. हा माणूस! नारळाचं बोलत होता तेव्हा याच्या मनात हे शिजत होतं! मी त्यांना माशाची आणखी एक तुकडी वाढली. दुसरं काय करणार?

तर मी वर्षभर मनात धरून होते की ती करामत आमच्या ह्यांची. मग पुढल्या वर्षी पावसाळ्याआधी रघू सुतार दार दुरुस्त करायला आला. रंधा मारता मारता इकडे तिकडे बघून म्हणाला, "वैनी, कुनाला सांगू नको. तेव्हा पालखी मीच उचलली न्हवती. माजी पोरगी दुबैला, तिचं तोंड दिसायचं नाय मला धड." मी त्याला चहा दिला. त्यानंतर दोन वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत मधू खोत शेजारी येऊन बसला, जिलबी माझ्या पानात सरकवली आणि कानात म्हणाला, "गावकराच्या खालोखाल मान म्हंजे काय, गावकराच्या निम्मं नेट. त्या दिवशी मी नुसताच कण्हलो." मी जिलबी खाल्ली.

तिघे झाले. मी चौथ्याचा विचारच केला नव्हता. तो तर गावकराचा मुलगा.

परवाच्या शिमग्यात पालखी आमच्याकडे आली. तात्या आता नाहीत. आमच्या ह्यांचे गुडघे गेलेत, नंदूची कंबर. खांद्याला नवीन पोरं. नंदू फेटा बांधून, मानकरी म्हणून, माझ्या ओटीवर खुर्चीत बसून कोकम सरबत पीत होता. मी त्याला सहज म्हटलं, "आठवतं का रे, पालखी जड झाली होती ती?"

त्यानं पेला खाली ठेवला.

"वैनी, एक सांगू? तात्या होते तोवर बोलायची सोय न्हवती. तेव्हा मी खांदा दिलाच न्हवता."

"तू?"

"मग काय करू? आमच्या घरात सगळ्यात जोराचं नेट. पन तुज्या घरातनं निघतानाच तुजं चित्र अडकलेलं. ते आमच्याकडं कितीबी जोरात आलं तरी अडकलेलंच येनार. आन् तिकडं आमची अस्मिता खोलीचं दार लावून, कॅमेरा बंद करून शिकत बसायची. मानकऱ्याची सून खारवाडीकडनं शिवन शिकते म्हटल्यावर तात्यांनी..." त्यानं हात हलवला. "दोन डाव्या बाह्यांचा तो ब्लाउज घालून पुऱ्या शिमग्यात हिंडली ती, मुद्दाम. ओटी भरायला हात वर केला की सगळा ब्लाउज एका बाजूला फिरायचा. घरी आली की माज्याकडं नुसती बगायची. देवीचा कोप परवडला, वैनी."

मी बघितलं. अंगणात बायकांच्या घोळक्यात अस्मिता उभी होती. अंगात नारिंगी ब्लाउज, बाही खांद्यावर अशी बसलेली की बघत राहावं. तिनं माझ्याकडे पाहिलं, उजवा हात वर करून कपाळावरचा केस मागं सारला. ब्लाउज तसूभर हलला नाही.

"म्हणून तू तात्यांना परत परत विचारत होतास! खटका कुठला, यादी कुठली..."

"सगळ्या गावासमोर वदवून घ्यायला होवं होतं. पन वैनी, मला आजवर एक कोडं हाय. एका कोपऱ्यात मी जोर लावला नाय, ते ठीक. बाकीच्या तिघांनी तर जीव तोडून लावला. मी बगितलं ना त्यांना. मग पालखी जराशी पन का हलली नाय?"

मग मी त्याला सांगितलं. आमच्या ह्यांचं, रघूचं, मधूचं.

नंदूनं फेट्याच्या टोकानं तोंड झाकलं. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता.

"म्हंजे कुनीच..."

"कुणीच नाही."

"मग देवी जड झालीच न्हवती म्हनायची!"

"नंदू," मी म्हटलं, "होळीचा माड कुणाच्या बागेतला तोडायचा, यावर या गावात तीन बैठका होतात आणि चौथीला मारामारी. अशा गावातल्या चार बाप्यांना एका वेळी, एका दांड्याखाली, एकमेकांना न विचारता एकच लबाडी सुचली. आणि तू म्हणतोस देवी नव्हती?"

नंदूनं हसू आवरून पालखीकडे हात जोडले. तेवढ्यात गुरवानं हाळी दिली आणि नव्या पोरांनी दांड्याला खांदे लावले.

"थांबा रे," मी ओरडले. "आधी मला सांगा, कुणाच्या घरी नेट अडकतंय का?"